डाव्या अंगाला धरू नका

“दुसरा गिअर लगेच पडत न्हाई, ताई. क्लच दाबायचा, मनात दोन आकडं म्हणायचं, मग टाकायचा. जोर केला की खरखरतो. बाकी इंजिनाला कायबी न्हाई.”

एवढं सांगून तो माणूस ट्रॅक्टरच्या पलीकडे गेला आणि उकिडवा बसून मागच्या चाकात अडकलेलं वाळकं गवत उपटायला लागला. जानेवारीतली दुपार होती. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेले पन्नासेक ट्रॅक्टर तारेच्या कुंपणाआड रांगेनं उभे होते आणि प्रत्येकाच्या बॉनेटवर पांढऱ्या रंगानं एक आकडा टाकलेला होता. दुसऱ्या दिवशी लिलाव, म्हणून आज माल बघायचा दिवस. माझ्या धाकट्या भावाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा होता आणि मी सुट्टीला गावी आले होते म्हणून सोबत गेले होते. सगळीकडे तापलेल्या रबराचा आणि सांडलेल्या डिझेलचा वास. एकाच्या सीटवर घडी घालून ठेवलेलं पोतं तसंच होतं, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं. एकाच्या मडगार्डवर दोन लेकरांची नावं रंगवलेली. एकाच्या समोर हळदीकुंकवाचं स्वस्तिक पावसानं अर्धं धुऊन गेलेलं. मला वाटत होतं, आपण कुणाच्या तरी घरात ते लोक नसताना शिरलोय.

तो माणूस मला आधी तिथला कामगार वाटला. त्यानं न विचारता ऑइलची पट्टी उपसली, खांद्यावरच्या टॉवेलाच्या टोकानं पुसली, परत बुडवून बघितली आणि भावापुढं धरली. इतक्यात राखणदार लांबून ओरडला, “मालक, बास करा आता. लोकांस्नी बगू द्या.” आमच्याकडे कुणालाही मालक म्हणतात. पण राखणदाराच्या आवाजात राग नव्हता, अवघडलेपण होतं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भावाच्याही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता तिथून पुढच्या ट्रॅक्टरकडे सरकलो.

ह्याला आता चार महिने होतील. तो दुसरा गिअर काही माझ्या डोक्यातून जात नाही.

आबांनी पाखऱ्या विकला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. साल १९८७. माणदेशाला दुष्काळाचं नवल नाही, पण तेव्हा लागोपाठच्या कोरड्या वर्षांनी कडब्याच्या गंजी तळाला आल्या होत्या. त्यात हरण्या पोट फुगून एका रात्रीत गेला आणि दावणीला पाखऱ्या एकटा उरला. एकट्या बैलाला शेतात काम नसतं. त्याला जोड लावायची तर त्याच्याच उंचीचा, त्याच्याच चालीचा दुसरा बैल पाहिजे, आणि आबांकडे तर होता त्याला घालायला वैरण नव्हती. आठ दिवस आबा रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून राहायचे. मग एका शनिवारी दुपारी आज्जीनं पाखऱ्याच्या खुरांवर पाणी ओतलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि आबांना एवढंच म्हणाली, “दावं तेवढं माघारी आणा.” आमच्या घरात जनावर दिलं तरी दावं देत नसत. ती वळून घरात गेली ती आम्ही वेशीबाहेर जाईपर्यंत बाहेर आली नाही. मी हट्ट करून निघाले होते, कारण पाखऱ्या माझ्या हातचं खायचा आणि मला वाटत होतं, मी बरोबर असले तर आबा त्याला विकणार नाहीत.

सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो. आम्ही रात्रीचा अर्धा पल्ला चालून एका ओढ्याकाठी झोपलो आणि उजाडता उजाडता बाजारात शिरलो. त्या बाजाराचं मला आधी नाकाला आठवतं, मग डोळ्यांना. शेण, ओली वैरण, बिडीचा धूर, तेल लावलेल्या शिंगांचा वास. मग खिलारांच्या रांगाच रांगा, पांढऱ्याफेक आणि कोशा, मागं वाकून वर गेलेली लांब शिंगं साळून तुकतुकीत केलेली. ज्यांची नवी खोंडं होती त्यांनी झुली घातल्या होत्या, गळ्यात घुंगरमाळा होत्या. पाखऱ्याच्या गळ्यात काही नव्हतं. आबांना कुणीतरी म्हणालं, “पोरीला कशाला आणलंसा बाजारात?” आणि आबा म्हणाले, “तिचाच हाय त्यो.” माणसं येत, न विचारता पाखऱ्याचा ओठ वर करून दात बघत, पाठीवरून हात फिरवत, शेपूट पिरगाळत, चार पावलं चालवून बघत. आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला: वयाचे हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. दुधाचे सगळे दात शाबूत तो आदत, पक्के दोन आले की दुसा, चार आले की चौसा, आणि आठही झाले की जुळला. मग त्यापुढं वय कुणी दातांवरून छातीठोक सांगू शकत नाही. पाखऱ्या केव्हाच जुळला होता. प्रत्येक जण दात बघून झाल्यावर त्याचा ओठ असा सोडून द्यायचा की तो फट् करून खाली पडायचा, आणि मला त्या आवाजाचा राग यायचा.

दुपारी एक गिऱ्हाईक ठरलं. आटपाडीकडचा शेतकरी, आबांच्याच वयाचा, पायात फाटकं पायताण. मधे दलाल. दलालानं आबांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकला. पुढची पाच-सात मिनिटं मी त्या टॉवेलाकडे बघत होते. वरच्या अंगाला पावसापाण्याच्या गप्पा चालल्या होत्या, कुणाची लेक कुठं दिलीय ते चाललं होतं, आणि खाली बोटं भांडत होती. एक बोट, दोन बोटं, सगळा पंजा म्हणजे पाच. शंभर की हजार ते जनावर बघूनच दोघांना कळलेलं असतं. आबा मान हलवायचे, हात ओढायचे, दलाल सोडायचा नाही. मग तो त्या शेतकऱ्याकडे जायचा आणि तोच टॉवेल त्याच्या हातावर. शेवटी आबांनी हात सैल सोडला. सौदा झाला. दलालानं गुलालाची पुडी काढली.

तेव्हा आबा म्हणाले, “थांबा. एक सांगायचं ऱ्हायलंय.”

“ह्यो उजव्या अंगाचा हाय. जल्मभर उजव्या अंगाला चाललाय. डाव्या अंगाला धरू नका. धरलासा तर बसंल, आन मारलं तरी उठायचा न्हाई.”

दलालाचा चेहरा मला अजून दिसतो. झालेल्या सौद्यात असं कुणी बोलतं का, असं तो दोनदा म्हणाला. त्या शेतकऱ्यानं पाखऱ्याकडे बघितलं, मग आबांकडे. त्याच्या घरचा बैलही उजव्याच अंगाचा असणार, कारण तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग त्यानं नुसता हात पुढं केला. परत टॉवेल पडला. ह्या वेळी गप्पा नव्हत्या. टॉवेलाखालचा उंचवटा लहान झालेला मी बघितला. किती, ते मला कळलं नाही, आणि आबांनी ते कधी कुणाला सांगितलं नाही. गुलाल पडला. आबांनी पाखऱ्याच्या गळ्यातलं दावं सोडलं, त्या शेतकऱ्यानं आपलं बांधलं. पाखऱ्या त्याच्यामागं सरळ चालत गेला. मागं वळून वगैरे बघितलं नाही त्यानं, आणि ह्याचंच मला त्या वयात सगळ्यात वाईट वाटलं.

घरी आल्यावर आज्जीनं दावं खुंटीला अडकवलं, नोटा मोजल्या आणि डब्यात ठेवल्या. पहिला आकडा काय होता, हे तिला विचारायची गरजच पडली नाही, कारण असा काही पहिला आकडा होता हे तिला माहीतच नव्हतं. तो टॉवेलाखालीच राहिला.

मोठी झाल्यावर, शहरात राहायला लागल्यावर, मी ह्या टॉवेलाबद्दल चारचौघांत बरंच वाईट बोलले आहे. आणि ते खोटं नव्हतं. ह्याला हत्ता पद्धत म्हणतात आणि ती दलालाच्या सोयीची आहे. विकणाऱ्याच्या हातात त्यानं काय धरलं आणि घेणाऱ्याच्या हातात काय धरलं, हे दोघांनाही कळत नाही. मधला फरक त्याच्या खिशात जातो. ज्याची बोटं शेतात झिजली आहेत त्याला बाजारात बोटांनी बोलता येईलच असं नाही. शेतमालाच्या बाजारात उघडा लिलाव व्हावा, सगळ्यांदेखत बोली लागावी, ह्यासाठी बाजार समित्या आल्या, महाराष्ट्रात १९६३ चा कायदा आला, आणि ते योग्यच झालं असं मी आजही म्हणेन. उघड्यावर जे होतं ते जास्त खरं असतं, असा माझा सरळ हिशोब होता. त्या कुंपणाच्या आत उभी राहीपर्यंत तो मला कधी तपासून बघावासा वाटला नव्हता.

गावाकडे गेले की मी अजूनही कधी कधी रविवारी बाजारात चक्कर मारते. आता पोलादी पाइपांच्या दावणी आहेत, पिकअप आणि टेंपोंची रांग असते, गायी-म्हशी जास्त आणि बैल कमी. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडे. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पी पसरला तेव्हा राज्यातले जनावरांचे बाजार बंद केले होते. त्या काळात मी एकदा मोकळं मैदान बघितलं. नुसत्या खुंट्या आणि वाळलेलं शेण. बिल्ल्यावरून लस कधी टोचली, मालक कोण, सगळं कळतं, आणि ते चांगलंच आहे; लम्पीत ज्यांची दावण रिकामी झाली त्यांना विचारा. शर्यतींना २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परवानगी कायम केल्यापासून चपळ खोंडांभोवती गर्दी दिसते, पोरं मोबाइलवर चित्रण करत असतात. म्हाताऱ्या बैलांपाशी मात्र कुणी थांबत नाही. २०१५ पासून राज्यात बैलाची कत्तल करता येत नाही. पाखऱ्याला कसायाकडे जाऊ द्यायचं का, असं कुणी विचारलं असतं तर आबांनी त्याला दारात उभं केलं नसतं. पण थकलेला बैल मरेपर्यंत सांभाळायचा तर त्याची वैरण कुठून आणायची, हा प्रश्न कायद्यानं शेतकऱ्याच्याच दावणीला बांधून ठेवला, हेही तितकंच खरं आहे. ह्या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकत्र राहतात आणि त्यांचं आपसात जमत नाही.

आबा नेहमी म्हणायचे, “बैलाला जप्ती न्हाई. घराचं दार नेतील, बैल न्ह्याचा न्हाई.” मला ती म्हाताऱ्या माणसाची समजूत वाटायची. लिलावाहून आल्यावर मी मुद्दाम शोधलं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ६०. कोर्टाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीत शेतकऱ्याची अवजारं, आणि पोट भरायला कोर्टाला जेवढी गरजेची वाटतील तेवढी जनावरं आणि बियाणं, ह्यांना हात लावता येत नाही. कारागिराच्या हत्यारांचंही तेच. म्हणजे आबांना बरोबर माहीत होतं. इंग्रजांच्या काळात केलेल्या त्या कलमाला एवढं कळत होतं की देणं वसूल करताना माणसाचे हात तोडून न्यायचे नसतात. ट्रॅक्टर मात्र आपण आपल्याच सहीनं तारण लिहून दिलेला असतो. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत आरसी बुकावर मालकाच्या नावाबरोबर कर्ज देणाऱ्याचं नावही असतं. दोन सहामाही हप्ते चुकतात, तिसऱ्याच्या आधी पाऊस चुकतो, आणि एका पहाटे चार माणसं येऊन ट्रॅक्टर ओढून नेतात. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. पैसे घेतलेले असतात. पण बैल गेला तेव्हा आबा त्याच्याबरोबर बाजारापर्यंत चालत गेले होते.

लिलावाच्या जाहिरातीत एक ओळ असते, “जसे आहे जेथे आहे” तत्त्वावर. भावानं मला ती मोबाइलवर दाखवली. म्हणजे घेतल्यावर तक्रार चालणार नाही. विकणाऱ्याला मालाबद्दल काही ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याची त्याच्यावर जबाबदारीही नाही. कंपनीचा जो मुलगा यादी घेऊन फिरत होता तो चांगला होता, नम्र होता, त्यानं आम्हाला पाणी विचारलं. पण त्याला विचारलं की हा थंडीत पटकन चालू होतो का, तर तो कागदात बघायचा. कागदावर इंजिन नंबर होता, चासी नंबर होता, किती तास चाललाय ते होतं. बाकी जे काही त्या यंत्राबद्दल माहीत असण्यासारखं होतं, ते चाकातलं गवत उपटत बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बोली सुरू झाली. एक माणूस प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभा राहून ट्रॅक्टरचा आकडा पुकारायचा, मग किंमत. एक वार, दोन वार, तीन वार. पाच-पाच हजारांनी बोली चढायची. व्यापाऱ्यांचा एक घोळका होता; ते एकमेकांच्या बोलीवर बोली करत नाहीत, हे तिसऱ्या-चौथ्या ट्रॅक्टरला माझ्या लक्षात आलं. म्हणजे टॉवेल इथंही होता, फक्त दिसत नव्हता. आणि ज्याचा ट्रॅक्टर, त्याचा आकडा मात्र सगळ्या मैदानाला ऐकू जात होता. तो माणूस आला होता. कुंपणाच्या आत नाही, बाहेर, चहाच्या गाड्यापाशी. हातात पेला होता आणि तो पीत नव्हता.

त्याचा नंबर आला तेव्हा भावानं बोली लावली. चार वेळा हात वर केला. पाचव्यांदा केला नाही. मी त्याला कोपरानं ढोसलं. तो पुटपुटला, “गिअरबॉक्स खोलायला लागला तर, ताई? त्येचं बी पैसं धराय पायजेत की.” त्याचं बरोबर होतं, त्यालाही कर्जच काढायचं होतं. त्याच्या ठरवलेल्या आकड्यातून त्यानं त्या दुसऱ्या गिअरचे पैसे वजा केले होते. तीन वार झाले. ट्रॅक्टर व्यापाऱ्याला गेला.

परतताना मी त्याला विचारलं, लिलावात कमी पैसे आले तर पुढं काय होतं. आले तेवढे कर्जातून वजा होतात, तो म्हणाला, उरलेलं त्याच्याच नावावर राहतं. मग आम्ही बराच वेळ बोललो नाही. तो बाहेर चहाचा पेला धरून उभा होता तेव्हा चढणारा प्रत्येक आकडा त्याच्या डोक्यावरून पाच-पाच हजार उतरवत होता. हे त्याला माहीत होतं. आदल्या दिवशी आम्हाला गिअर सांगताना माहीत होतं. तरी त्यानं सांगितलं.

आबांनी पाखऱ्याची खोड का सांगितली, ह्याचं उत्तर मी इतकी वर्षं प्रामाणिकपणा असं देत आले. मुलांना तशी गोष्टही सांगितली. आता वाटतं, मी ते उत्तर जरा लांबूनच दिलं होतं. आबा प्रामाणिक होतेच, पण त्या क्षणी त्यांच्या मनात घेणारा नव्हता. त्यांच्या मनात कुठल्यातरी परक्या शिवारात डाव्या अंगाला जुंपलेला, बसकण मारलेला पाखऱ्या होता, आणि वर उगारलेला चाबूक. तो मार चुकवायला त्यांनी बोटं सोडून दिली. ट्रॅक्टरला मार लागत नाही, हे मला कळतं. त्या माणसालाही कळत असणार. पण तो दोन आकडे म्हणायचं सांगत असताना त्याचा हात गिअरच्या दांडीवर होता, आणि तो हात मी ह्याआधी एकदा पाहिला होता.

पाखऱ्याची खोड ज्याला सांगायची त्याला सांगून झाली होती. ही मात्र माझ्याकडे राहिली. ज्यानं ट्रॅक्टर घेतला त्याला गिअर माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांनी घेतला नव्हता.

निघायच्या आधी मी एकदा मागं गेले होते. व्यापाऱ्याच्या लोकांनी ट्रकला फळ्या लावल्या होत्या आणि एक विशीतला पोरगा त्या ट्रॅक्टरवर चढून बसला होता. स्वस्तिकाच्या उरलेल्या अर्ध्यावर त्याच्या पायाची धूळ पडली होती. मी खालून म्हणाले, “दादा, दुसरा गिअर लगेच टाकू नका हं. क्लच दाबून जरा थांबायचं.” इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मी परत मोठ्यानं सांगितलं. तो हसला. “मावशी, मी निस्ता पोचीवणार हाय. म्होरं कुणाकडं जातोय कुणाला म्हाईत.”

त्यानं क्लच दाबला आणि लगेच दांडी ओढली. ट्रॅक्टर खरखरला. मी वळून चहाच्या गाड्याकडे बघितलं. पेला फळीवर ठेवलेला होता, भरलेला. माणूस गेला होता.